सोसायटीच्या गेट ॲपचा रिव्ह्यू: सोय एक नंबर, बाकीचं वाचून मग हात वर करा

ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. बाजारात जी चार-पाच आहेत ती थोड्याफार फरकाने सगळी सारखीच आहेत आणि मला एका कंपनीशी भांडायचं नाहीये. तुमच्या सोसायटीत एजीएमच्या (वार्षिक सभेच्या) अजेंड्यावर "गेट मॅनेजमेंट ॲप" असा विषय आला असेल तर हे वाचा, आला नसेल तर येईलच. आमची सोसायटी पुण्याच्या पश्चिमेला, हिंजवडीच्या अलीकडे, टॉवर, क्लब हाउस, पोडियमवर झाडं, म्हणजे ब्रोशरमध्ये दाखवतात तशीच. लॉकडाऊन संपता संपता ॲप आलं, रीतसर ठराव करून बहुमताने आलं, कुणी लादलं वगैरे काही नाही, आणि आता ते नव्हतं तेव्हा आपण कसे राहत होतो हे नवीन लोकांना समजावून सांगावं लागतं.

कसं चालतं ते आधी. गेटवर सिक्युरिटीच्या हातात एक फोन असतो, कुणीही आलं की तो नाव-नंबर टाकतो, फोटो काढतो, फ्लॅट निवडतो, की तुमच्या फोनवर घंटी, हिरवं बटण दाबा नाहीतर लाल. नाही उचललं तर कॉल येतो, होय असेल तर एक दाबा, नाही असेल तर दोन दाबा. पाहुणे येणार हे आधीच माहीत असेल तर त्यांना कोड पाठवून ठेवायचा. कामवाल्या मावशी, ड्रायव्हर, पेपरवाला, गाड्या धुणारा मुलगा यांचे फोटोसकट प्रोफाइल, प्रत्येकाचा कोड, आत आले की तुम्हाला मेसेज, बाहेर पडले की मेसेज. गाडीला स्टिकर आहे, त्याने बॅरियर आपोआप वर जातो. मेंटेनन्स त्यातच भरायचा, तक्रार त्यातच, क्लब हाउसचं बुकिंग त्यातच, आणि मधे मधे होम लोनच्या नि मॉड्युलर किचनच्या जाहिराती, त्या बंद करायचं बटण मला अजून सापडलेलं नाही.

चांगलं आधी सांगते कारण चांगलं खरंच आहे. सासूबाई बाथरूममध्ये पडल्या तेव्हा आम्ही दोघं ऑफिसात होतो, त्यांनी फोनवरचं लाल इमर्जन्सी बटण दाबलं आणि सिक्युरिटीवाला शेजारच्यांकडून चावी घेऊन आमच्या आधी घरात होता, ॲम्ब्युलन्सला गेटवर एक मिनिट कुणी थांबवलं नाही. तेवढ्यासाठी मी या ॲपला डोळे झाकून पाच स्टार देईन. शिवाय दारोदार फिरणारे वॉटर प्युरिफायरवाले गेले, "मी आले होते ताई, तुम्हीच दार उघडलं नाही" ही भांडणं संपली, टँकर कधी येणार ते कळतं, पार्किंगमध्ये कुणाची गाडी आडवी आहे ते नंबर टाकून शोधता येतं. रात्री अकराला एकटी उतरून कचऱ्याची पिशवी टाकायला जाताना मला भीती वाटत नाही. ज्याला वाटतं की ही सगळी फालतू लोकांची हौस आहे त्याने एकदा वयस्कर आईवडिलांना एकटं ठेवून ऑफिसला जाऊन बघावं.

सुरक्षेचं म्हणाल तर मात्र जरा थांबा. मुलांच्या सायकली चोरीला जायच्या म्हणून अर्ध्या लोकांनी ॲपला मत दिलं होतं. ॲप आल्यावरही गेल्या. शेवटी कॅमेऱ्यात सापडला तो आतल्याच एका फ्लॅटमधला कॉलेजचा मुलगा, त्याला गेटवर कोण विचारणार, त्याच्या गाडीला तर स्टिकर. चेअरमन साहेबांनी तो विषय ग्रुपवर येऊ दिला नाही, फॅमिली चांगली आहे म्हणे. गाड्या धुणारा मुलगा असता तर त्याचा फोटो ग्रुपवर फिरला असता, पोलिसात गेला असता, आणि ॲपवर तो कायमचा ब्लॉक. म्हणजे यंत्र सगळं बाहेरच्यांसाठी बसवलेलं आणि नियम मोडणारे मात्र दोन्हीकडे.

आता घरातली गंमत. एका फ्लॅटचं एकच खातं, त्यात घरातले सगळे मेंबर, आणि गेटवर काही झालं की सगळ्यांच्या फोनवर वाजतं. सासूबाईंना रिकामा वेळ भरपूर. "आज परत पार्सल?" इथून सुरू झालं. मग "सव्वासातला तुझी गाडी आत आली ना, मग वर यायला इतका वेळ?" तर मी खाली पार्किंगमध्ये मैत्रिणीशी बोलत उभी होते. त्यांचा काही वाईट हेतू नाही, फोन वाजला म्हणून बघतात, बघितलं म्हणून विचारतात. नवरा कधी विचारत नाही. पण त्याच्या फोनवरही ते येतं हे मला माहीत आहे, आणि मागच्या वर्षी माझ्या कॉलेजचा एक जुना मित्र पुण्यात आला होता त्याला घरी न बोलवता मी बाहेर कॉफीला भेटले. लपवण्यासारखं काही नव्हतं. नुसतं नाव, फोटो, वेळ असं सगळं रेकॉर्डवर जाणार, संध्याकाळी त्यावर दोन वाक्यं बोलावी लागणार, याचाच कंटाळा आला. अशी कितीतरी छोटी कामं आहेत जी आता मी करत नाही आणि मला कुणीही मनाई केलेली नाही.

पण आम्ही मालक माणसं, आमचं एवढंच. खरं बिल दुसरीकडेच फाटतं.

आमच्याकडे पोळ्यांच्या काकू येतात. सोसायटीतली सात घरं करतात. त्यांच्या प्रोफाइलवर त्या कुठल्या कुठल्या फ्लॅटमध्ये जातात ती यादी आहे, रोज किती वाजता आत आल्या, किती वाजता बाहेर पडल्या ते आहे, आणि खाली स्टार. वेळेवर येतात का, स्वच्छता कशी, वागणूक कशी. समोरच्या बाईंनी हे सगळं जुळवून हिशोब मांडला की काकू आमच्याकडे तासभर असतात आणि त्यांच्याकडे चाळीस मिनिटं, मग पैसे सारखे कसे? त्यांच्याकडे तीन माणसं, आमच्याकडे पाच आणि डबे तीन, हे कोण बघतंय. काकूंनी दिवाळीनंतर दर वाढवायचं म्हटलं तेव्हा तर ग्रुपवर मेसेजच पडला, सगळ्यांनी मिळून एकच दर ठरवूया, कुणी जास्त देऊ नये, बाकीच्यांना त्रास होतो. सातही घरांची यादी ॲपमधून काढलेली. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला होता, पुणे शहर मोलकरीण संघटना त्यातूनच उभी राहिली, पगारवाढ, सुट्टी, बोनस असल्या गोष्टी त्या बायकांनी भांडून मिळवल्या. चाळीस वर्षांनी संघटना मालकांची झाली आणि तिला वर्गणीसुद्धा लागत नाही, मेंटेनन्समध्येच येते.

स्टारचं तर विचारूच नका. काकूंकडे साधा फोन, ॲप नाही, असतं तरी स्वतःचं प्रोफाइल त्यांना कुठल्या दाराने उघडता आलं असतं माहीत नाही. एकदा पीठ मळता मळता म्हणाल्या, "ताई, माझे किती आलेत हो?" मी म्हटलं काय? "ते चांदण्या." फोन उघडून दाखवला, चार पॉइंट एक. "पाच्यातले ना? मग कुणी कमी दिले?" ते ॲप सांगत नाही. बराच वेळ त्या एकेका घराचं नाव घेत होत्या, दोन नंबरवाल्यांकडे एकदा मीठ जास्त झालं होतं, पाचव्या मजल्यावर मुलीच्या परीक्षेमुळे दोन दिवस उशीर झाला होता. पाठ हिशोब सगळा. घरमालकिणींना स्टार द्यायची सोय मात्र कंपनीने केलेली नाही. कुठलं घर पगार दहा तारखेपर्यंत लटकवतं, कुठे शिळं देतात, कुठे म्हातारे जरा सांभाळूनच राहायचे आहेत, हे बायका एकमेकींना गेटबाहेर रिक्षा स्टँडपाशी सांगतात, तोंडी.

आणि गेटपास. कामवाल्या बायका बाहेर पडताना पिशवी उघडून दाखवायची. तुम्ही काही दिलं असेल तर ॲपमध्ये पास करायचा, वस्तू: साडी, संख्या: दोन. हे सुरू झालं त्या दिवाळीत मी काकूंना फराळाचा डबा दिला, त्याला पण पास लागतो हे आमच्यापैकी कुणालाच धड कळलं नव्हतं. गेटवरून फोन, "मॅडम, मावशींच्या पिशवीत डबा आहे, तुम्ही दिलाय का?" मी खाली गेले तर संध्याकाळची वेळ, ऑफिसच्या बस उतरत होत्या, काकू पिशवी उघडी धरून एका बाजूला उभ्या, डब्याचं झाकण काढलेलं, वर चार चकल्या. सिक्युरिटीवाल्या पोराचा दोष नाही, तो बीडकडचा, बारा तासांची ड्युटी, नियम आहे म्हणाला. पुढच्या वर्षी डबा भरायला घेतला तर काकू म्हणाल्या, "राहू द्या ताई, इथेच खाते एक-दोन."

आमच्या सासऱ्यांचं मत वेगळं आहे, ते पण लिहिते कारण त्यात दम आहे. ते शनिवार पेठेतल्या वाड्यात वाढले. म्हणतात, प्रायव्हसी प्रायव्हसी काय लावलंय, आमच्या वाड्यात कोण कधी आलं, कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाच्या मुलीला बघायला आले आणि त्यांनी किती पोहे खाल्ले इथपर्यंत चौकात माहीत असायचं, ॲप कशाला लागतं? बरोबर आहे. वाड्यात आणि गावात मोकळीक फार होती असं कुणी बाईने तरी म्हणू नये. पण वाड्यातली जी आजी दिंडीदरवाजात बसून बघायची ती सगळ्यांना दिसायची, तिच्या घरात काय चाललंय तेही सगळ्यांना माहीत असायचं, आणि चार महिन्यांनी तिच्या लक्षात राहायचं नाही. इथे मी ज्याला बघते तो मला बघू शकत नाही. आणि ॲप काही विसरत नाही, फ्लॅट नंबर टाका, तारीख टाका, एक्सेलमध्ये यादी काढा.

ती यादी निघाली. आमच्या विंगमध्ये तीन मुली भाड्याने राहतात, आयटीत आहेत, भाडं वेळेवर, आवाज नाही, काही नाही. मीटिंगमध्ये विषय आला "भाडेकरूंबाबत तक्रारी" आणि सेक्रेटरींनी प्रिंटआउट काढून आणलेला, गेल्या सहा महिन्यांत त्या फ्लॅटमध्ये रात्री दहानंतर आलेले पुरुष व्हिजिटर, नाव, वेळ, बाहेर पडल्याची वेळ. वाचून दाखवला. साठ-सत्तर माणसांसमोर. त्यातला एक भाऊ होता, एक इंटरनेटवाला, आणि बाकी कोण होते ते कुणाच्या बापाचं काय जातंय? एक मुलगी हजर होती, ती उठून म्हणाली की हे सगळे ॲपवर मीच अप्रूव्ह केलेले आहेत, तुमच्याच नियमाने. कुणाकडे उत्तर नव्हतं. आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांत, भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवलं की झालं, आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात ते बिनभोगवटा शुल्कही सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्क्यांच्या वर लावता येत नाही. कोण रात्री कुणाकडे आलं हे बघायचा अधिकार तर कमिटीला कुठल्याच उपविधीत नाही. पण ॲपमध्ये अ‍ॅडमिनला ते पान उघडता येतं, आणि उघडता येतं म्हटल्यावर उघडलं गेलं. मुली दोन महिन्यांनी सोडून गेल्या. कुणी हाकललं नाही.

मुद्दा माझा हाच आहे. हे सगळं घेताना आपण विकत घेतो चोरापासून बचाव, आणि एकदा वही तयार झाली की ती वही दुसऱ्याच कामाला लागते. याला आमची सोसायटी काही अपवाद नाही. चीनमध्ये हेनान प्रांतात २०२२ मध्ये काही ग्रामीण बँकांनी लोकांच्या ठेवी अडकवल्या, लोक निदर्शनं करायला झेंगझौ शहरात निघाले, तर त्यांच्या फोनवरचा कोविडचा हेल्थ कोड लाल झाला. लाल म्हणजे बस नाही, ट्रेन नाही, हॉटेल नाही, सरळ क्वारंटाइन. आजारी कुणीच नव्हतं. तेराशेच्या वर ठेवीदारांचे कोड असे लाल केले होते, नंतर बोंब झाली तेव्हा पाच अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. साथीसाठी केलेलं बटण, ते पैसे मागणाऱ्यांवर दाबलं.

आमच्याकडचं बटण छोटं आहे एवढंच. वरच्या मजल्यावर एक निवृत्त काका आहेत, त्यांच्या बेडरूमला टेरेसचं लीकेज, कमिटी दोन पावसाळे बघते बघते करतेय, म्हणून त्यांनी मेंटेनन्स भरणं थांबवलं. चूक की बरोबर ते सोडा. थकबाकी वसूल करायला सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जायचा रीतसर रस्ता आहे, व्याज लावता येतं, तेही ठरलेल्या मर्यादेतच. कमिटीने काय केलं तर ॲपमध्ये त्यांच्या फ्लॅटला "डिफॉल्टर" लावलं. आता त्यांना पाहुण्यांना कोड पाठवता येत नाही, क्लब हाउस नाही, घरी कुणी आलं की गेटच्या फोनवर लाल पट्टी येते आणि सिक्युरिटीवाला ऑफिसला विचारतो. त्यांची मुलगी नाशिकहून बाळाला घेऊन आली ती गाडीत बसून होती, उन्हात. काकांनी आठवड्यात पैसे भरले. लीकेज तसंच आहे. कमिटीच्या मते हा ॲपचा सगळ्यात उपयोगी फीचर आहे, आणि वसुलीचे आकडे बघितले तर खोटं नाही.

माझी नणंद सिंगापूरला असते, तिच्याशी यावरून माझं कायम वाजतं. ती म्हणते तुम्हाला शिस्त नको असते आणि मग रडता. रात्री दोन वाजता ती एकटी चालत घरी येते, लिफ्टमध्ये कुणी थुंकत नाही, च्युइंगगम १९९२ पासून विकायला बंद आहे म्हणून कुणाचं काही अडलं नाही, एकच पक्ष १९५९ पासून सत्तेत आहे तर असू दे. आणि पुण्यात राहणारी बाई म्हणून यावर मला पटकन बोलता येत नाही, कारण रात्री दोनला एकटीने चालणं हेसुद्धा स्वातंत्र्यच आहे आणि ते माझ्याकडे नाहीये. पण त्यांच्याकडेही कोविडच्या ट्रेसटुगेदर ॲपचं तेच झालं. सुरुवातीला सांगितलं होतं की हा डेटा फक्त संसर्ग शोधायला, मग जानेवारी २०२१ मध्ये मंत्र्यांनी संसदेत सांगितलं की फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याखाली पोलीसही तो मागू शकतात, आणि एका खुनाच्या तपासात मागितलाही होता. लोक चिडले. मग फेब्रुवारीत कायदा करून ते सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरतं बांधून घातलं. मी नणंदेला म्हणते, तुमच्या सरकारला निदान संसदेत उभं राहून सांगावं लागलं, आमच्या सेक्रेटरींना फक्त प्रिंटरमध्ये कागद लागतो.

मुलांचं एक राहिलं. आमच्या शेजारीच गावठाण आहे, टॉवर व्हायच्या आधीपासूनचं, खरं तर ही जमीनच त्यांची. पूर्वी तिकडची पोरं आमच्या मैदानावर क्रिकेट खेळायला यायची, आमची तिकडे कैऱ्या पाडायला जायची. आता आतल्या मुलाला बाहेर पडायला पालकांचं हिरवं बटण लागतं. माझा तेरा वर्षांचा मुलगा समोर वडापाव आणायला निघाला, मी मीटिंगमध्ये, फोन सायलेंट, तर त्याला गेटवरून परत पाठवला. बाहेरच्या मुलाला आत यायला फोटो, नंबर, आणि कुठल्या तरी फ्लॅटची मंजुरी. त्याचा गावठाणातला मित्र दोन-तीनदा तसा आला, फोटो काढताना तोंड वाकडं करून उभा राहायचा, मग म्हणाला तूच ये बाहेर. आणि याला बाहेर पडायला मी लागते. दोघं आता ऑनलाइन गेम खेळतात, चारशे मीटरवर राहून. मुलगा मला मंजुरी मागतही नाही हल्ली. वडापाव हवा असला तर फोनवरून मागवतो, तो बरोबर गेट ओलांडून वर येतो.

कायद्याचं म्हणाल तर कागदावर बरंच आहे. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०१८ च्या आधारच्या निकालात खासगी कंपन्यांनी आधार मागायचं कलम रद्द केलं, तरी आमच्या गेटवर काकूंच्या आधार कार्डाचा फोटो काढलाच, नाही दिला तर पास नाही. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य तरतुदींना अजून दीड वर्षाची मुदत दिली. मी कंपनीच्या कस्टमर केअरला लिहिलं होतं की आमच्या काकूंचा जुना डेटा आणि आधारचा फोटो काढून टाका, त्यांचा अंगठा पाहिजे तर घेते अर्जावर. उत्तर आलं, अ‍ॅडमिन तुमची सोसायटी आहे, त्यांना सांगा. सोसायटी म्हणाली डेटा कंपनीच्या सर्व्हरवर आहे, आमच्या हातात काय? इतकं सुरळीत टोलवलं की दोघांनी आधी प्रॅक्टिस केली असावी.

तर रेटिंग. इमर्जन्सी बटण आणि पाहुण्यांचा कोड, पाच. तक्रारी आणि मेंटेनन्स, चार, पावती लगेच येते. चोरीला आळा, दोन, तेही कॅमेऱ्याचे. माणसांशी वागणूक, एक, आणि तो एक त्या बीडच्या पोराला, तो आता काकूंची पिशवी नुसती वरून बघितल्यासारखं करतो आणि जा म्हणतो, कंपनीने त्याच्यावर लक्ष ठेवायला अजून काही काढलेलं नाही तोवर.

ॲप काढून टाका असं मी म्हणत नाही, सासूबाईंमुळे म्हणूच शकत नाही. पण यातल्या बऱ्याच गोष्टी अ‍ॅडमिनच्या सेटिंगमध्ये बंद करता येतात, हे सेल्सवाला डेमोला सांगत नाही. स्टार रेटिंग बंद होतं. कामवाल्या बायका कुठल्या घरी जातात ती यादी लपवता येते. घरातल्या प्रत्येक मेंबरला कुठले मेसेज जावेत हे वेगळं ठेवता येतं (आमच्या घरात मी ते गुपचूप केलं, सासूबाईंना वाटतं नेटवर्क गेलंय). व्हिजिटरचं रेकॉर्ड किती दिवस ठेवायचं ते ठरवता येतं. आम्ही काही जणांनी मिळून शेवटी लेखी ठराव दिला: रेकॉर्ड महिन्याच्या वर ठेवायचं नाही, पोलिसांचं लेखी पत्र असल्याशिवाय कमिटीतल्या कुणीही एखाद्या फ्लॅटची यादी काढायची नाही, काढली तर त्या फ्लॅटला कळवायचं, डिफॉल्टरची पट्टी गेटवर दाखवायची नाही, रेटिंग बंद, गेटपास बंद. मीटिंग साडेतीन तास चालली, त्यात तासभर कुत्र्यांवर गेला. रेटिंग बंद झालं. रेकॉर्डचं महिन्याऐवजी तीन महिने झालं. डिफॉल्टरची पट्टी राहिली, आणि त्याला हात वर करणाऱ्यांत ते लीकेजवाले काकापण होते, मी पैसे भरले ना, मग बाकीच्यांनीही भरावेत म्हणाले. गेटपास राहिला, हा सिक्युरिटीचा विषय आहे त्यात भावना आणू नका असं सांगण्यात आलं.

पुढची एजीएम सप्टेंबरअखेरच्या आत घ्यावीच लागते, त्यात गेटपासचा विषय परत टाकलाय. तुमच्याकडे कुणी तो बंद करून दाखवला असेल तर ठरावाचा मसुदा पाठवा, शक्य असेल तर लेटरहेडवर, आमच्या सेक्रेटरींना "बाणेरच्या मोठ्या सोसायटीत असंच आहे" म्हटलं की कोर्टाच्या निकालापेक्षा लवकर पटतं.